खोक्यात एक गेम

आईने गोदीत सव्वीस वर्षं क्रेन चालवली, आणि त्या सव्वीस वर्षांत एकदाही लोड हवेत सोडून ती केबिनमधून उतरली नाही. हे ती कुणाला सांगत नसे, कारण तिच्या लेखी तो पराक्रम नव्हताच. जेवणाची सुट्टी होवो, पोटात कळ येवो, खाली मुकादम घसा कोरडा करो, आधी कंटेनर टेकवायचा, त्याला धरणारी चौकट सोडवायची, मग शिडीला पाय लावायचा. चौऱ्याऐंशी पायऱ्यांची शिडी.

त्या पायऱ्यांनी गुडघे खाल्ले आणि आई घरी बसली. बसली म्हणजे कशी, तर खिडकीतून समोरच्या बांधकामावरची क्रेन पाहत आणि तिच्या ड्रायव्हरला शिव्या घालत. त्या शिव्या शेजारी ऐकू जाऊ लागल्या, तेव्हा मुलीने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक गेम आणला. गोदीचा. एकट्याने खेळायचा. क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं, पायाखालच्या काचेतून खाली बघायचं, आणि जहाज एका बाजूला कलणार नाही अशा बेताने कंटेनर रचायचे.

पहिल्या दिवशी आईने तासभर खेळून निकाल दिला, "हे ज्याने बनवलंय तो कधी वर चढलेला नाही. झोका फार कमी दिलाय." दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली, ती दहाला उठली. मग सहा वर्षं रोज आठ ते दहा. वहीत जहाजांची नोंद. नातेवाइकांनी त्या वेळात फोन करायचा नाही. केलाच तर आई म्हणे, "ड्युटीवर आहे."

आणि मग एका सोमवारी, बरोबर सव्वानऊ वाजता, लाल कंटेनर अकरा मीटर उंचीवर असताना पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली: "या गेमची सेवा आता संपली आहे. या सुंदर प्रवासात सोबत राहिल्याबद्दल आभार."

संध्याकाळी मुलगी कामावरून आली, तेव्हा आई त्याच खुर्चीत होती. चहाच्या कपावर साय धरली होती.

"कसला प्रवास?" आई म्हणाली. "मी जागची हललेले नाही."

मुलगी वजन-मापे कार्यालयात निरीक्षक होती. भौतिकशास्त्र शिकून तराजू तपासण्याची नोकरी करावी लागते याचं पहिली दोन वर्षं तिला वाईट वाटलं, नंतर वाटेनासं झालं. लोक खोटं बोलतात आणि वजन बोलत नाही, एवढा फरक तिला पुरेसा होता. आई तिला लहानपणापासून मापटं म्हणायची, कारण पाचव्या वर्षी तिने दोन भावंडांच्या दुधाचे पेले शेजारी ठेवून पट्टीने मोजले होते.

"मापट्या, तो लाल अजून वर आहे," आई म्हणाली. "झोक्यात आहे. मी टेकवणार, तेवढ्यात यांनी दिवे घालवले."

मापट्याने कंपनीला फोन लावला. पाऊण तास वाद्यसंगीत ऐकून झाल्यावर एक मदतनीस फोनवर आला. त्याच्या आवाजात इतका गोडवा होता की हाताला चिकटेल.

"मॅडम, आपली खरेदी सुरक्षित आहे. आपल्या संग्रहात गेमचं चित्र दिसतंय ना?"

"चित्र दिसतंय. करडं झालंय."

"म्हणजे तो आपल्याकडे आहेच."

"पण चालत नाही."

"हो, तो सुरू होताना आमच्या कॉम्प्युटरची परवानगी मागतो, आणि तो कॉम्प्युटर आता बंद केलाय. पण आपल्या संग्रहातून आम्ही काहीही काढलेलं नाही."

"आई एकटी खेळते. तिला तुमच्या कॉम्प्युटरची परवानगी कशाला?"

"ते आपल्याच सुरक्षेसाठी असतं, मॅडम. आणि आपल्याला मेल पाठवली होती."

मेल आली होती हे खरं. तिचं शीर्षक होतं "आनंदाची बातमी!" आणि त्यात नव्या आवृत्तीचं कौतुक आठ परिच्छेद चाललं होतं. नवव्या परिच्छेदात, पाहुण्यांसमोर घरातल्या आजाऱ्याचा उल्लेख करावा तसं, जुना गेम बंद होणार असल्याचं हळूच सांगितलं होतं. नव्या आवृत्तीला नवा कॉम्प्युटर लागणार होता आणि दरमहा वर्गणी. जुन्या ग्राहकांना सूट.

फोन ठेवून तिने कपाट उघडलं. गेमचं खोकं आणि पावती "यंत्रे" असं लिहिलेल्या फाइलच्या मागे होती. कारण ती मापटं होती, आणि मापटी पावत्या टाकत नाहीत. खोक्याच्या कडेला, नियमाप्रमाणे, उत्पादकाचा पत्ता, महिना, किंमत, आणि त्याखाली: "आत: १ गेम." आत होता एक कागदाचा चिटोरा, त्यावर पंचवीस अक्षरांचा सांकेतिक क्रमांक. तो टाकला की गेम कंपनीकडून कॉम्प्युटरवर उतरायचा. तिने दोन्ही वस्तू काट्यावर ठेवल्या. खोकं अठ्ठावन्न ग्रॅम. चिटोरा दोन.

नोकरीत तिने बरंच काही पकडलं होतं. जाड तळाचे डबे, दोन सेंटीमीटर आखूड कापडाची पट्टी, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक. पण त्या सगळ्या भामट्यांनी निदान नव्वद टक्के माल तरी दिला होता. आणि दिलेला माल सहा वर्षांनी घरात शिरून, गिऱ्हाइकाच्या हातातून काढून नेला नव्हता, वर आभार मानून.

"तक्रार कर," आई म्हणाली. "तुझ्या ऑफिसात."

"माझ्या ऑफिसात मी करू शकत नाही. तू माझी आई आहेस."

"माझी मुलगी असणं हा तुमच्यात गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही. पण मी त्यात हात घालू शकत नाही. तू ग्राहक न्यायालयात कर, तुझ्या नावाने."

आईने अर्ज स्वतः लिहिला. त्यात एकच ओळ होती: "माझा कंटेनर मला खाली ठेवू द्यावा." मुलीने पुढे अडीच पानं जोडली, पण ती ओळ तशीच राहू दिली. भरपाईच्या रकान्यात आईने आडवी रेघ मारली.

कंपनीने वकील पाठवला. चांगला होता, म्हणजे महाग होता. सुनावणीच्या खोलीत पंखा आवाज करत होता आणि वकील त्या आवाजावर आपला आवाज बेताने ठेवत होता, जणू पंखाही त्याचाच अशील आहे. उत्तर लेखी होतं, सतरा पानांचं, प्रत्येक पानावर शिक्का.

"अर्जदार बाईंना वाटतं त्यांनी गेम विकत घेतला," तो म्हणाला. "तसं काही झालेलंच नाही. त्यांनी गेम वापरण्याची परवानगी घेतली. परवानगी देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. शर्ती त्यांनी मान्य केल्या आहेत."

"कधी?" न्यायालयाच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा सुरू करताना. 'मान्य' हे बटण दाबलंय त्यांनी."

"किती पानं होती शर्ती?"

"एकशे बेचाळीस."

अध्यक्ष बाईंनी आईकडे पाहिलं. "वाचलं होतं?"

"नाही," आई म्हणाली. "तुम्ही वाचता?"

अध्यक्ष बाईंनी चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न वकिलाला विचारला. "पण दुकानात ज्या खोक्यावर, ज्या पावतीवर 'विक्री' म्हटलंय, त्याचं काय?"

"ती बोलण्याची पद्धत झाली. आमचं म्हणणं स्पष्ट आहे, पान चार, परिच्छेद अकरा. सदर खोक्यात कोणताही गेम नव्हता आणि नाही. कंपनीने कोणतीही वस्तू दिलेली नसल्याने वस्तू परत देण्याचा किंवा चालू ठेवण्याचा प्रश्नच येत नाही."

आई उठून उभी राहिली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला, त्यामुळे सगळे थांबले.

"मी एवढंच विचारते," ती म्हणाली. "हुकाला माल असताना तुम्ही क्रेनची वीज तोडता का?"

"बाई, ते चित्र आहे. खरा कंटेनर नाहीये."

"मग खाली ठेवायला तुमचं काय जातं?"

वकील हसला. हे हसणं तिच्या मुलीने बऱ्याच दुकानांत पाहिलं होतं. शिक्का न मारलेलं वजन हातात धरलेला माणूस असाच हसतो. परवानगीशिवाय गेम चालवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असं तो म्हणाला. तसं कंपनीच्या अभियंत्याचं प्रतिज्ञापत्र आणतो, असंही म्हणाला. पुढची तारीख पाच आठवड्यांनी पडली.

परतताना बसमध्ये मुलीने सतरा पानं वाचली. तिला वाचायचा कंटाळा कधीच नव्हता. परिच्छेद अकरा तिने दोनदा वाचला आणि शेजारी पेन्सिलीने बारीक टिंब काढलं. मग आईला म्हणाली, "आई, उद्या आमच्या ऑफिसात ये. अर्ज द्यायला. माझ्याकडे नाही."

"अग, तूच म्हणालीस ना, जमत नाही?"

"मला जमत नाही. ऑफिसला जमतं. लेबलाची तक्रार आहे. खोक्यावर लिहिलंय आत एक गेम आहे. कंपनी सही-शिक्क्यानिशी सांगतेय की नाही."

आईने ती सतरा पानं हातात तोलून पाहिली. "एवढे शिकलेले लोक," ती म्हणाली.

हे खरं म्हणजे शिकलेल्या माणसांकडूनच होऊ शकतं. किराणा दुकानदार असता तर त्याने अंगठा तराजूवर ठेवला असता, पण तोंड बंद ठेवलं असतं. आत माल नाही असं तो स्वतःच्या शिक्क्याने कधीच लिहून देणार नाही. त्यासाठी वकील लागतो.

कार्यालयात तक्रारी पाळीने वाटल्या जात. मुलीने आवक वहीच्या पान सत्तरवर लिहिलं, "अर्जदार ही माझी आई. मी या प्रकरणात काम पाहणार नाही," आणि सही केली. पाळी पावशेरची निघाली. पावशेर हा तिचा सहकारी, अंगाने इतका काटकुळा की हे नाव त्याला शाळेत पडलं ते निवृत्तीपर्यंत पुरणार होतं. कामात मात्र तो भारी होता. सील मारायची पक्कड तो डब्याच्या पिशवीतच ठेवत असे, म्हणजे घरी विसरायला नको.

पावशेर कंपनीच्या वितरकाच्या गोदामात गेला. तिथे नव्या आवृत्तीची चार हजार तीनशे बारा खोकी दुकानांत जायला तयार होती. कडेला तेच: "आत: १ गेम." त्याने नियमाप्रमाणे दहा खोकी वेगवेगळ्या थरांतून काढली, उघडली, दहा चिटोरे काढून ओळीने मांडले, वजन केलं, फोटो काढला. मग त्याने गोदामाच्या त्या भागाला दोरी बांधली, दोरीला शिशाचं सील मारलं, आणि कारणाच्या रकान्यात आपल्या मनाचं एक अक्षर न घालता परिच्छेद अकरा उतरवून काढला.

तिसऱ्या दिवशी वकील कार्यालयात. आता त्याचा आवाज पंख्याच्या वर होता. मुलगी पलीकडच्या टेबलावर चिमट्याने प्रमाण वजनं पुसत होती.

"साहेब, खोक्यात गेमच आहे," तो पावशेरला म्हणाला. "व्यापक अर्थाने."

"व्यापक अर्थ कशात मोजू?" पावशेरने विचारलं. "ग्रॅममध्ये की लिटरमध्ये?"

"क्रमांक आहे म्हणजे गेम आहे. गिऱ्हाइकाला गेम मिळतोच ना?"

"मग आहे म्हणता?"

"आहे."

"लिहून द्या." पावशेरने कोरा कागद पुढे सरकवला. "आत गेम आहे, गिऱ्हाइकाच्या मालकीचा आहे. मी लगेच सील काढतो. आणि ताईंच्या आई तो कागद तिकडे न्यायालयात लावतील."

वकिलाने कागदाला हात लावला नाही. मग तो पलीकडच्या टेबलाकडे वळला. "मॅडम, तुम्ही तरी समजावून सांगा."

"मला या प्रकरणात मत नाही," ती वजन पेटीत ठेवत म्हणाली. "पान सत्तर."

दोन दिवसांनी तो स्टिकर घेऊन आला. खोक्यावर चिकटवायला. त्यावर लिहिलं होतं की या खोक्यात गेम नसून वापराची रद्द करण्याजोगी परवानगी आहे. म्हणजे लिहिलं असावं. पावशेरने भिंग काढलं, मग पट्टी काढली.

"अक्षर एक मिलिमीटर," तो म्हणाला. "खोक्याच्या आकाराला नियमाने चार लागतं."

"चार मिलिमीटरमध्ये हे लिहिलं तर कोण घेईल?"

पावशेरने भिंग खाली ठेवलं आणि त्याच्याकडे आस्थेने पाहिलं. "हे मात्र मी नोंदवून घेत नाही," तो म्हणाला. "एवढी माणुसकी आहे माझ्यात."

"आणि जुन्या खोक्यांचं काय करू? ती लोकांच्या घरी आहेत."

"घरोघरी जाऊन स्टिकर लावा," पावशेर म्हणाला. "किंवा वर जे लिहिलंय ते आत असू द्या."

अशक्य असलेली गोष्ट कंपनीने सहा दिवसांत केली. अभियंत्याचं प्रतिज्ञापत्र कधी आलंच नाही, कारण अभियंता दुसऱ्या कामात होता, अशक्यच्या. एक छोटी फाइल निघाली. ती टाकली की जुना गेम कुणाला काही न विचारता सुरू व्हायचा. ज्या कुलपाशिवाय घर उभंच राहू शकत नाही असं सांगितलं होतं, ते कुलूप होतं एवढंच. कंपनीने ती फाइल सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी ठेवली आणि तिला नाव दिलं "सद्भावना भेट." सोबत दोन परिच्छेद आपल्या मोठ्या मनाबद्दल.

नवी खोकी चार मिलिमीटरच्या अक्षरांसह दुकानांत गेली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मुलीने सहज विचारलं, लोक काय म्हणतात.

"पहिल्या आठवड्यात वाचत होते आणि परत ठेवत होते," तो म्हणाला. "आता वाचत नाहीत."

शनिवारी सकाळी आठ वाजता आई चहा घेऊन बसली. मुलीने फाइल टाकली आणि मागे सरकली. आईच्या मागे उभं राहून बघितलेलं आईला चालत नसे. त्यामुळे ती दाराशी, घडी घातलेल्या कपड्यांची पुन्हा घडी घालत उभी राहिली.

पडदा उजळला. गोदी, करडं पाणी, अर्धं भरलेलं जहाज. आणि पायाखालच्या काचेत लाल कंटेनर, झोक्याच्या एका टोकाला तिरपा, दोन महिने होता तिथेच. मग तो हलला.

आईने कप बाजूला ठेवला. ती सव्वीस वर्षं वाकवून ठेवलेली मान पुन्हा वाकवून बसली आणि तिने काहीच केलं नाही. झोका आला, गेला, आला. प्रत्येक वेळी थोडा लहान झाला. नवशिका घाई करतो, झोक्याच्या मागे क्रेन पळवतो, आणि झोका वाढवून ठेवतो. आई थांबली. मग दोर जवळजवळ सरळ झाला, तेव्हा तिने बोट ठेवलं आणि कंटेनर खाली जाऊ लागला. टेकला. तो जागेवर तीन इंच तिरका बसला होता. आईने जिभेने च्यक केलं, तो वितभर उचलला, पुन्हा थांबली, पुन्हा ठेवला. चौकट सोडवली.

"झालं?" मुलीने विचारलं.

"उतरू दे मला."

गेममध्ये शिडी उतरायची गरज नव्हती, एक बटण दाबलं की माणूस खाली. सहा वर्षं आई तेच बटण दाबत आली होती. गुडघ्यांना उगाच आठवण कशाला, म्हणायची. आज तिने ते दाबलं नाही. ती केबिनच्या दारातून बाहेर पडली आणि एकेक पायरी खाली येऊ लागली. मुलीच्या लक्षात आलं की तिचे ओठ हलताहेत.

खाली पोचल्यावर आईने खुर्ची मागे केली.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"काय एकसष्ट?"

"पायऱ्या. तेवीस कमी दिल्यात." तिने गार होत आलेला चहा उचलला. "खोकं काढ बघू ते. त्यावर 'हुबेहूब गोदी' असं काहीतरी लिहिलंय ना?"

मुलीने कपड्यांची घडी तशीच ठेवली आणि कपाटाकडे गेली.